दोनशेवीस नंबरचा अ

अडीच वर्षांची पोर, आणि शाळेत?
आईने संगमेश्वरहून फोनवर विचारलं.
मीही तेच म्हणत होतो.
सुगंधाच ऐकेना,
फीचे तीन हप्ते तिनेच मागून घेतले.

जोगेश्वरीत गुंफा रोडला
तळमजल्यावरच्या दोन खोल्या.
पाटीवरचं अर्धं अक्षर उडालेलं, म्हणून नुसतंच ‘मॉ टेसरी’.

संध्याकाळी मी विचारायचो, काय शिकलीस?
पाणी ओतलं.
दुसऱ्या दिवशी?
पाणी ओतलं.
तिसऱ्या दिवशी?
सांडलं. मग पुसलं.

मी सुगंधाला म्हटलं, पैसे भरून सांडलवंड करायची
तर आपला नळ काय वाईट,
पावणेसहा ते साडेसहा?

मग एका सकाळी
चैतू माझ्या शर्टाची बटणं लावायला बसली.
चार बटणं, आठ मिनिटं.
ओशिवऱ्याहून शेठचा फोन खणाणतोय,
दोन दारं पॉलिशला पडलीत,
आणि तिची जीभ ओठाच्या कोपऱ्यात,
बटण काजात अर्धं जातं, मागे येतं.
मी माझे हात मांडीखाली दाबून धरले.
इतकं जड काम बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

शनिवारी पालकांना बोलावलं होतं.
सगळी कपाटं माझ्या गुडघ्याएवढी.
एक मुलगा गुलाबी ठोकळे रचत होता,
मनोरा पडला,
कोणी ओरडलं नाही,
त्याने पुन्हा मोठ्यापासून सुरुवात केली.
मला आमचे गुरुजी आठवले,
आणि तळहात आपोआप मिटला.

कारखानीस बाईंनी एक खोका उघडला.
लाकडी पाट्या, त्यांवर कागदाची कापलेली अक्षरं.
कागद मी लांबूनच ओळखला.
बाई, हा दोनशेवीस नंबर ना?
त्या हसल्या. दुकानदाराने दिला तो घेतला, म्हणाल्या.

चैतूने डोळे मिटले.
दोन बोटं कागदावरून सावकाश फिरवली,
वळणावर थांबली, काना उतरली,
म्हणाली, अ.

मग माझं बोट धरलं. बाबा, तू.

मी डोळे मिटले.
बावीस वर्षं ऐंशी, एकशेवीस, दोनशेवीस, तीनशेवीस घासलेलं बोट
पाटीवरून घसरलं.
कुठे लाकूड संपलं, कुठे अक्षर लागलं,
काही कळेना.
रेशनच्या दुकानातलं यंत्रही
माझा अंगठा तीनदा परत पाठवतं.

बाई म्हणाल्या,
या वयात बोटं जागी असतात हो,
म्हणून लवकर.

बाकी त्या बरंच बोलल्या, सगळं समजलं नाही.
मला माझं समजलं:
कोऱ्या लाकडावर पॉलिशचा पहिला हात मारला
की लाकूड तो पिऊन टाकतं.
दुसरा, तिसरा, चौथा
चमकतात चांगले, पण वरच बसतात.
गिऱ्हाईक चकाकी बघतं.
पहिला हात कोणाला दिसत नाही.

चैतू माझं बोट सोडेना.
हळू, बाबा. परत.
यंत्रही तेच सांगतं, परत,
पण त्याच्यामागे रांग असते.
इथे नव्हती.
चौथ्या खेपेला काहीतरी खरखरलं.
अक्षर होतं की नखाजवळची भेग, सांगता येणार नाही.
मी म्हटलं, अ.
तिने बाईंकडे पाहिलं, मग मान डोलावली,
मोठ्या माणसाला सांभाळून घ्यावं तशी.

रात्री आईचा फोन.
एवढ्याशा पोरीला शिकवतात तरी काय?
पाणी ओतायला, मी म्हटलं.
पलीकडे बराच वेळ शांतता.

मोरीपाशी चैतू तिची वाटी विसळत होती.
थोडं पाणी लादीवर सांडलं.
मी उठणार होतो.
फडकं कुठे असतं, तिला माहीत होतं.